हायकू ओएस लाइव्ह डिस्कवरून चालवून बघायची आहे? मग हे वाचा

लिनक्सचे चारपाच डिस्ट्रो (वेगवेगळे अवतार) लाइव्ह, म्हणजे इन्स्टॉल न करता थेट डिस्कवरून, चालवून झालेत आणि आता वॉलपेपर सोडून काही वेगळं वाटेनासं झालंय, अशांनी एकदा हायकू ही ऑपरेटिंग सिस्टिम बघाच. ही लिनक्स नाहीये, विंडोजची नक्कल नाहीये, युनिक्सही नाहीये (टर्मिनल उघडलं की कमांड द्यायला लिनक्ससारखं बॅश मिळतं तरीसुद्धा). कर्नल (सिस्टिमचा गाभा) वेगळा, फाइल सिस्टिम (डिस्कवर फाइली ठेवायची पद्धत) वेगळी, डेस्कटॉप वेगळा आणि हे सगळं एकाच प्रोजेक्टमधे बनतं, म्हणून वापरताना सगळीकडे एकाच हाताचं काम जाणवतं. बनवणारे बहुतेक जण हौसेने, नोकरीधंदा सांभाळून करतात, आणि लायसन्स एमआयटी आहे म्हणजे कोड कोणीही घ्या.

मागची गोष्ट थोडक्यात सांगतो कारण ती माहीत असली की स्क्रीनवर जे दिसतं त्याचा अर्थ लागतो. ॲपलमधून बाहेर पडलेल्या जाँ-लुई गासे यांनी बी इन्कॉर्पोरेटेड कंपनी काढली आणि बीओएस बनवली, रोख सगळा मल्टिमीडियावर होता, एकापेक्षा जास्त प्रोसेसर आणि प्रत्येक खिडकीला स्वतःचा थ्रेड (बाकीच्यांसाठी न थांबता चालणारं काम), हे सगळं नव्वदच्या दशकात. १९९६ मधे ॲपल ती विकत घेणार अशी बोलणी चालली होती पण शेवटी ॲपलने जॉब्सची नेक्स्ट ही कंपनी घेतली आणि स्टीव्ह जॉब्स परत आले, ते सगळ्यांना माहीतच आहे. २००१ मधे बी कंपनी पामने १ कोटी १० लाख डॉलरला घेतली आणि बीओएस संपली. त्याच वर्षी वापरणाऱ्यांनी ओपनबीओएस नावाने ती पहिल्यापासून परत लिहायला घेतली, २००४ मधे नाव हायकू झालं, पहिली अल्फा २००९ मधे आली आणि पहिली बीटा थेट २०१८ मधे. मी इथे जे सांगतोय ते सप्टेंबर २०२४ मधे आलेल्या आर१ बीटा ५ वर धरून आहे.

आता कामाला लागू. हायकू-ओएस डॉट ऑर्ग वरून इमेज, म्हणजे अख्खी सिस्टिम असलेली एक मोठी फाइल, उतरवा. तिथे ६४ बिट आणि ३२ बिट अशा दोन मिळतील. गेल्या दहापंधरा वर्षांतला कुठलाही लॅपटॉप असेल तर डोळे झाकून ६४ बिट घ्या. ३२ बिट दोघांसाठीच, एक म्हणजे ज्यांच्याकडे खरंच जुनं मशीन पडलंय, आणि दुसरे ज्यांना बीओएसच्या काळातले मूळ प्रोग्राम जसेच्या तसे चालवायचेत, कारण ती सोय फक्त ३२ बिटमधेच आहे. रॅम ३८४ एमबी असली तरी चालते असं त्यांचं म्हणणं आहे, पण ब्राउझर उघडायचा असेल तर २ जीबी तरी असू दे. इमेज दीड जीबीच्या आसपास आहे, उतरवून झाली की साइटवर दिलेल्या शा२५६ शी (फाइल नीट उतरली का ते तपासायच्या कोडशी) जुळवून बघा, नेट मधेच तुटलेलं असलं की अर्धवट फाइलमुळे पुढे विचित्र एरर येतात आणि दोष मशीनला दिला जातो.

या इमेजला एनीबूट म्हणतात. एकच फाइल डीव्हीडीवर बर्न केली तरी चालते आणि पेनड्राइव्हवर लिहिली तरी चालते. सीडीत मावत नाही, डीव्हीडीच लागते. डीव्हीडीवरून चालवलं तर तुम्ही जे काही बदल कराल ते मेमरीत राहतात आणि बंद केलं की गेले, म्हणजे काहीही मोडा, पुन्हा चालू केलं की सगळं नवंकोरं. पण ड्राइव्ह घरघर करत वाचत बसतो, डेस्कटॉप यायलाच वेळ लागतो आणि प्रत्येक ॲप पहिल्यांदा उघडताना थांबावं लागतं. हायकूची खरी ओळखच तिचा झटपटपणा आहे, तो डीव्हीडीवर दिसत नाही, म्हणून माझं स्पष्ट मत असं की पेनड्राइव्हच घ्या. ४ जीबीचा पुरतो. आणि पेनड्राइव्हवर बदल टिकतात, सेटिंग बदललं, एखादं ॲप टाकलं तर पुढच्या वेळी ते तिथेच असतं.

पेनड्राइव्हवर लिहिताना एक गोष्ट नीट लक्षात घ्या, फाइल कॉपी-पेस्ट करून चालत नाही, इमेज जशीच्या तशी, बाइट टू बाइट लिहावी लागते. विंडोजवर बलेना एचर घ्या किंवा रूफस, रूफसने विचारलं तर डीडी मोड निवडा, आयएसओ मोड नको. लिनक्सवर डीडी कमांड आहेच, तिथे ड्राइव्हचं नाव दोनदा तपासा, आधी एलएसबीएलके ही ड्राइव्हची यादी दाखवणारी कमांड चालवून साइजवरून ओळखा कुठला पेनड्राइव्ह आणि कुठली हार्ड डिस्क, आणि पार्टिशनचं नाव (शेवटी आकडा असतो ते) न देता अख्ख्या ड्राइव्हचं द्या. पेनड्राइव्हवरचं जुनं सगळं जाणार, त्यामुळे लग्नाचे फोटोबिटो असतील तर आधी काढून ठेवा. लिहून झाल्यावर विंडोज कदाचित "ड्राइव्ह फॉरमॅट करा" असं विचारेल, कॅन्सल करा, त्याला हायकूची फाइल सिस्टिम, बीएफएस, वाचता येत नाही एवढंच.

रीस्टार्ट करायच्या आधी हा पॅरा वाचाच, घाईत सोडू नका. हायकूचा बूटलोडर (सिस्टिम सुरू करून देणारा छोटा प्रोग्राम) साइन केलेला नाही त्यामुळे सिक्युअर बूट, म्हणजे साइन नसलेलं काही सुरू होऊ न देणारं बायोसमधलं सेटिंग, बंद करावं लागतं. आणि तुमच्या विंडोजमधे बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्कला कुलूप घालणारी सोय) चालू असेल (हल्लीच्या लॅपटॉपवर ते आपल्याला न विचारता चालू असतं) तर सिक्युअर बूट बदलल्यावर विंडोज पुढच्या वेळी ४८ आकडी रिकव्हरी की मागू शकतं. ती की तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमधे असते, आधी तिथे लॉगिन करून ती दिसतेय ना ते बघा, कागदावर उतरवा, मगच पुढे जा. बाकी लाइव्ह चालवण्यात हार्ड डिस्कला काही होत नाही, पण हे एक पाऊल असं आहे की जे विंडोजला जाणवतं.

मग बूट मेन्यू, म्हणजे कशावरून सुरू करायचं ते विचारणारी यादी, मशीन चालू होताना की दाबून उघडा. डेल आणि लेनोवोवर एफ१२, एचपीवर एफ९, असूसच्या लॅपटॉपवर एस्केप, बहुतेक वेळा हेच. पेनड्राइव्ह निवडला की हायकूचा लोगो आणि खाली आयकॉनची ओळ दिसेल, ते एकेक करून उजळत जातात, शेवटचं रॉकेट उजळलं की डेस्कटॉप आला. बऱ्यापैकी मशीन असेल तर हे इतकं पटकन होतं की बघता बघता पुढे जातं.

अडकलं तर घाबरायचं काही नाही, पण लगेच सोडूनही देऊ नका. पहिला उपाय, पेनड्राइव्ह दुसऱ्या पोर्टमधे लावा, निळा यूएसबी ३ असेल तर काळा यूएसबी २ बघा किंवा उलट, "बूट पार्टिशन सापडलं नाही" या अर्थाची एरर आली असेल तर बरेचदा एवढ्यानेच काम होतं. दुसरा उपाय बूटलोडरचा मेन्यू, जुन्या बायोसवर सुरुवातीपासून शिफ्ट दाबून धरा, यूईएफआय (हल्लीच्या मशीनमधलं नवं बायोस) असेल तर स्पेसबार टकटक करत राहा, मेन्यू उघडेल. तिथे सेफ मोडचे पर्याय आहेत, स्क्रीन काळी पडत असेल तर फेलसेफ ग्राफिक्स ड्रायव्हर टिक करा, मधेच थिजत असेल तर एकेक पर्याय चालू करून बघा. सगळे एकदम टिक करू नका, मग कशामुळे चाललं ते कळणार नाही. आणि कुठल्या आयकॉनवर अडकलं ते लक्षात ठेवा, कोणाला मदत मागितलीत तर पहिला प्रश्न तोच येणार.

कधी कधी पांढऱ्या स्क्रीनवर अक्षरांचा ढीग आणि "वेलकम टू कर्नल डिबगिंग लँड" असं येतं. कर्नल पडला की इथे आणून सोडतो. मोबाइलने त्या स्क्रीनचा फोटो काढा, मग रीबूट टाइप करून एंटर मारा. तो फोटो बनवणाऱ्यांना खरंच उपयोगी पडतो, त्यांच्या बग ट्रॅकरवर मशीनच्या मॉडेलसकट टाकलात तर कोणीतरी उत्तर देतं असा अनुभव आहे.

सगळं सुरळीत झालं तर पहिल्यांदा भाषा आणि कीबोर्ड विचारणारी खिडकी येते, खाली दोन बटणं, इन्स्टॉल हायकू आणि ट्राय हायकू. ट्राय दाबा. लॉगिन नाही, पासवर्ड नाही, थेट डेस्कटॉप. (एकच युजर आहे आणि त्याला सगळे अधिकार आहेत, म्हणून इथे नेटबँकिंग वगैरे करू नका.)

आता इथून पुढे बहुतेक लोक काय करतात तर ब्राउझर उघडतात, यूट्यूब लावतात, ते अडखळतं, आणि "ठीक आहे" म्हणून बंद करतात. असं केलंत तर तुम्ही हायकू बघितलीच नाही. यूट्यूबसाठी तुमच्याकडे आधीच मशीन आहे, इथे ते बघा जे दुसरीकडे नाही.

सुरुवात खिडक्यांपासून करा. टायटल बार पूर्ण रुंदीचा नसतो, पिवळी टॅब असते, शिफ्ट धरून ती टॅब ओढली तर डावी-उजवीकडे सरकते. टॅबवर राइट क्लिक केलं की खिडकी मागे जाते. आता विंडोजची की दाबून धरा आणि एक खिडकी टॅबने ओढून दुसरीच्या टॅबवर न्या, दोन्ही एकत्र चिकटतात, ब्राउझरच्या टॅबसारख्या, पण या दोन वेगवेगळ्या प्रोग्रामच्या खिडक्या आहेत, एक टर्मिनल एक टेक्स्ट एडिटर असं काहीही. कडेला कड लावली तर शेजारी चिकटतात आणि एक हलवली की दोन्ही हलतात. याला स्टॅक अँड टाइल म्हणतात. एखाद्या कामासाठी तीन खिडक्या लागत असतील तर त्यांचा एक गठ्ठा करून ठेवायचा, इतकं साधं, आणि मला हे दुसऱ्या सिस्टिमवर गेलो की सारखं आठवतं.

कॉपी-पेस्ट कंट्रोलने होणार नाही, इथे ऑल्ट आहे, ऑल्ट सी, ऑल्ट व्ही. बोटांना सवय होत नसेल तर कीमॅप प्रेफरन्सेसमधे बदलायचं बटण आहे पण मी म्हणेन निदान पहिल्या दिवशी बदलू नका, टर्मिनलमधे कंट्रोल सी आणि कॉपी यांची कधीच टक्कर होत नाही हा फायदा थोड्या वेळाने कळतो. ऑल्ट एफ१, एफ२ वगैरेने वर्कस्पेस बदलतात. एखादं ॲप लटकलं तर कंट्रोल ऑल्ट डिलीट, टीम मॉनिटर येतो, तिथून मारा.

फाइल मॅनेजरचं नाव ट्रॅकर. कुठल्याही फोल्डरवर राइट क्लिक करा, मेन्यूच्या वरच त्या फोल्डरच्या आतल्या गोष्टी सबमेन्यूसारख्या उघडत जातात, म्हणजे एकही खिडकी न उघडता पाच पायऱ्या आत जाता येतं. फाइल ओढता ओढतासुद्धा हे चालतं.

आणि आता ज्यासाठी मी खरं तर हे सगळं लिहितोय ते. बीएफएस ही फाइल सिस्टिम. डॉमिनिक जिआम्पाओलो आणि सिरिल म्युरिलों यांनी ती बीओएससाठी लिहिली, जिआम्पाओलो पुढे ॲपलमधे गेले आणि तिथे स्पॉटलाइटवर काम केलं. यात प्रत्येक फाइलला हवी तेवढी माहिती बाहेरून जोडता येते, आणि फाइल सिस्टिम स्वतःच त्या माहितीचा इंडेक्स ठेवते. वाचून काही वाटणार नाही, करून बघा. वरच्या उजव्या कोपऱ्यातल्या डेस्कबारवर झाडाच्या पानाचं चित्र असलेला मेन्यू आहे, त्यातल्या ॲप्लिकेशन्समधून पीपल उघडा, दोनचार ओळखीच्यांची नावं, शहर, फोन अशी खोटी-खरी माहिती भरून सेव्ह करा. होम फोल्डरमधल्या पीपल फोल्डरमधे जा, प्रत्येक माणूस एक फाइल आहे. फाइलची साइज बघा, शून्य. सगळी माहिती ॲट्रिब्यूटमधे, म्हणजे फाइलला बाहेरून जोडलेल्या त्या माहितीत आहे. वर ॲट्रिब्यूट्स मेन्यूतून शहर, फोन असे कॉलम चालू करा, फोल्डरच ॲड्रेसबुक झालं, आणि त्या कॉलममधे क्लिक करून तिथल्या तिथे फोन नंबर बदलता येतो, ॲप न उघडता.

पुढची पायरी, ऑल्ट एफ दाबून फाइंड उघडा, प्रकार पर्सन निवडा, बाय ॲट्रिब्यूट करा, शहर म्हणजे पुणे असं शोधा. उत्तर टाइप करून हात उचलायच्या आत येतं कारण डिस्क धुंडाळली जात नाही, इंडेक्स वाचला जातो. आता ही रिझल्टची खिडकी उघडीच ठेवा आणि दुसरीकडे एखाद्या माणसाचं शहर नाशिकचं पुणे करा. तो माणूस शोधाच्या खिडकीत आपोआप येऊन बसतो. रिफ्रेश नाही काही नाही. ही क्वेरी, म्हणजे हा शोध, स्वतः एक फाइल आहे, सेव्ह करून डेस्कटॉपवर ठेवता येते, आणि तात्पुरत्या क्वेरी सात दिवसांनी आपोआप जातात. मेलसुद्धा असंच चालतं, प्रत्येक मेल एक फाइल, पाठवणारा, विषय, वाचलं की नाही हे सगळं ॲट्रिब्यूट, त्यामुळे "न वाचलेले मेल" हा इनबॉक्स म्हणजे फक्त एक क्वेरी. नव्वदच्या दशकातली कल्पना आहे ही, आणि आजही माझ्या रोजच्या मशीनवर असं काही नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं.

थोडी गंमत हवी असेल तर डेमोज मेन्यूत जीएल टीपॉट आहे, फिरणारी किटली, मेन्यूतून अजून किटल्या टाकत जा आणि बाजूला ॲक्टिव्हिटी मॉनिटर ठेवून सीपीयू बघा. थ्रीडी सगळं सीपीयूवरच चालतं, ग्राफिक्स कार्ड वापरलं जात नाही. तरी त्या गडबडीत खिडक्या ओढून बघा, मेन्यू उघडून बघा, हाताखाली हलतात की नाही ते तपासा. प्रत्येक खिडकीला स्वतंत्र थ्रेड असण्याचा परिणाम इथे कळतो.

नेटचं सांगायचं तर वायर लावलीत तर बहुतेक वेळा काहीच करावं लागत नाही. वायफायचे ड्रायव्हर फ्रीबीएसडी आणि ओपनबीएसडी या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमकडून आणलेले आहेत, इंटेलचं कार्ड असेल तर आशा चांगली, डेस्कबारमधल्या नेटवर्क आयकॉनवर क्लिक करून नाव निवडा. नाहीच दिसलं तर अँड्रॉइड फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू करा, बीटा ४ पासून ते चालतं, आणि आपल्याकडे ज्यांच्या घरी फक्त मोबाइलचंच नेट आहे त्यांना हाच सगळ्यात सोपा मार्ग.

नेट आलं की हायकूडेपो उघडा, सॉफ्टवेअर तिथून. लिबरऑफिस आहे, क्रिटा आहे, ब्राउझरमधे सोबत येणारा वेबपॉझिटिव्ह हलका आहे पण जड साइटवर दमतो, तेव्हा फाल्कन किंवा एपिफनी टाका. पॅकेज टाकल्यावर लक्ष द्या, डाउनलोड झालं की इन्स्टॉल जवळजवळ लगेच होतं, कारण पॅकेज उलगडून इकडे तिकडे फाइली पसरत नाही, ती एक फाइल जशीच्या तशी माउंट होते, म्हणजे न उलगडता सिस्टिमला जोडली जाते. काढलं की पूर्ण गेलं, मागे कचरा नाही. सिस्टिम फोल्डर त्यामुळेच रीड-ओन्ली असतो. आणि काही टाकून सिस्टिम बिघडलीच तर त्याच बूटलोडर मेन्यूतून आधीची स्थिती निवडून चालू करता येते. लाइव्ह पेनड्राइव्हवर मोकळी जागा मात्र थोडी असते, पेनड्राइव्ह ६४ जीबीचा असला तरी इमेज आपोआप ताणली जात नाही, म्हणून लिबरऑफिससारखं मोठं एखादंच टाका.

मराठी वाचणाऱ्यांसाठी एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. हायकूच्या स्वतःच्या ॲपमधे आणि ट्रॅकरमधे देवनागरी नीट जुळत नाही, जोडाक्षरं सुटी होतात, पहिली वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला बसते, कारण तिथे अक्षरं जुळवणारा भागच अजून नाही. क्यूटी या प्रोग्राम बनवायच्या तयार साहित्यावर बनलेले प्रोग्राम, जसा फाल्कन, हे काम स्वतः करतात म्हणून तिथे मराठी साइट वाचता येतात. हे काम कोणीतरी करायला हवंय, आणि ज्याला सी प्लस प्लस येतं आणि आपली लिपी डोळ्यासमोर आहे त्याच्यापेक्षा योग्य माणूस कोण असणार, असं मला खरंच वाटतं.

अजून काय नाही तेही ऐका म्हणजे शोधत बसणार नाही. लॅपटॉप झाकला की झोपतो ते स्लीप नाही. ब्लूटूथ हेडफोन धरून चालू नका. यूईएफआयवर बरेचदा स्क्रीनचं रिझोल्यूशन बदलता येत नाही, जे मिळालं ते.

ड्राइव्हसेटअप नावाचं ॲप दिसेल, त्यात तुमच्या हार्ड डिस्कची पार्टिशन्स दिसतात. बघायला हरकत नाही पण इनिशियलाइझ, फॉरमॅट, डिलीट याला हात लावू नका. विंडोजचं पार्टिशन माउंटही करू नका, फास्ट स्टार्टअप या विंडोजच्या सेटिंगमुळे विंडोज पूर्ण बंद झालेलं नसतं आणि तशा पार्टिशनवर बाहेरून लिहिलं गेलं की भानगड होते.

आवडलं आणि रोज थोडं वापरायचं वाटलं तर लगेच हार्ड डिस्कवर जाऊ नका, दुसरा पेनड्राइव्ह किंवा जुना एसएसडी केसमधे घालून जोडा, लाइव्ह मधूनच इन्स्टॉलर चालवून त्यावर टाका, मग पूर्ण जागा मिळते. जुन्या बायोसच्या मशीनसाठी इन्स्टॉलरच्या टूल्स मेन्यूत बूट सेक्टर लिहायचा पर्याय आहे. यूईएफआयसाठी त्या ड्राइव्हवर एक छोटं फॅट३२ चं ईएफआय पार्टिशन करून लाइव्ह पेनड्राइव्हवरची लोडरची फाइल त्यावर टाकावी लागते, त्याची नीट गाइड हायकूच्या साइटवर आहे, ती शेजारी मोबाइलवर उघडी ठेवून करा.

आणि मशीनच नसेल, ऑफिसचा लॅपटॉप असेल तर व्हर्च्युअलबॉक्समधे (एका सिस्टिमच्या आत दुसरी चालवणाऱ्या प्रोग्राममधे) २ जीबी रॅम देऊन हीच इमेज लावा, क्वेरी आणि स्टॅक अँड टाइल तिथेही बघता येतं, फक्त वेग कसा आहे ते खऱ्या मशीनवरच ठरवा.

बंद करताना वरच्या उजव्या कोपऱ्यातल्या त्या झाडाच्या पानाच्या मेन्यूतून शटडाउन करा, पेनड्राइव्ह तसाच उपसू नका, त्यावर लिहिणं चालू असू शकतं. पूर्ण बंद झालं की पेनड्राइव्ह काढा आणि बायोसमधे जाऊन सिक्युअर बूट परत चालू करून ठेवा.